बंद शेडचा हरकत अर्ज

आज एक बातमी मला घरपट्टीच्या कार्यालयात सापडली. तुम्हालाही कधी उपयोग होईल, म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीनखाली, माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्या सुनंदाताईंच्या नवऱ्याची तीन बोटं गेली. मालक भरपाई देत नाही. 'शेड वर्षभर बंद आहे, हा माणूस माझ्याकडे नव्हताच,' असं त्याने मला सांगितलं. पगार रोख मिळायचा, त्यामुळे कामाचा पुरावा काहीच नव्हता.

मी इंजिनिअरिंग करून पत्रकारितेत आले. आधी कागद बघायची सवय आहे. रीतसर अर्ज करून त्या शेडची कराची फाइल मागितली होती, ती आज पाहायला मिळाली. आत मालकाच्याच सहीचा हरकत अर्ज होता: कर जास्त लावला आहे, एकच प्रेस चालते, कामगार चारच. खाली चौघांची नावं. दुसरं नाव सुनंदाताईंच्या नवऱ्याचं. तारीख अपघाताच्या आठ दिवस आधीची.

कारकून काका हसले. "आवं मॅडम, कर कमी करायचा म्हटलं की माणूस लय खरं लिवतोय."

प्रत घेऊन सुनंदाताईंकडे गेले. नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "म्हंजे आता ह्ये तिथं कामाला हुतं, ह्ये कुणाच्या पाया पडून सांगाय नको."

मालकाला मी एकच प्रश्न पाठवला आहे: सही तुमचीच ना? उत्तर आलं तर तेही छापू. बातमी उद्या जाईल.

तुमच्या भागात 'बंद' असलेला एखादा कारखाना रोज चालू दिसतो का? त्याची कराची फाइल कुणी पाहिली आहे?