गालावरची तीट

"आधी तो काळा डाग पुसून आण. मग बघतो."

कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर. पाच वर्षांची माझी पोर मांडीवर तापानं फणफणलेली. आधी सर्दी झाली, मग उजव्या डोळ्याभोवती सूज चढली. लालभडक. पापणी मिटली ती उघडेना. हुपरीहून निघताना सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून तिच्या गालावर काजळाची तीट लावलेली. डोळ्यात काहीच नव्हतं.

"पोरांच्या डोळ्यात काजळ कोंबता आणि इथं रडत येता. अडाणीपणा कधी जायचा तुमचा?"

दार उघडंच होतं. बाहेर बाकावरच्या बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेसिनपाशी जाऊन ओल्या पदरानं पोरीचा गाल घासला. ती कळवळली. डोळ्यात घातलं नाही, एवढंच सांगायचं होतं. घरात बसून पैंजणाच्या कड्या जोडणारी बाई मी, मोठ्या खुर्चीपुढे वाचाच बसली. परत आले तर कागद लिहून तयार. काजळाची ॲलर्जी. थेंब घाला. पापणी उचलून त्यांनी पाहिलंच नाही.

थेंब घालत राहिले. सूज वाढतच गेली, डोळा पुढे आला. पोर म्हणाली, "आई, ह्या डोळ्यानं दिसंना."

तिला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात धावले. डोळ्यामागे पू झाला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई खाली बघत म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी ॲडमिट करायला हवं होतं." ऑपरेशन झालं. जीव वाचला. डोळा गेला.

नवरा कागलच्या एमआयडीसीत कामाला. म्हणाला, "मोठ्यांच्या नादाला लागू नगंस. आपलं कोण ऐकतंय?"

तरी गेले. पोरीला घेऊन, त्याच खुर्चीपुढे.

"सांगितलं होतं ना, काजळ नको?"

"डोळ्यात काजळ न्हवतंच. तुम्ही तीट बघितलीसा, डोळा बघितला न्हाईसा."

"बाहेर व्हा."

"न्हाय हालत. आता तरी बघा की."

त्यांनी घंटी वाजवली. दोघांनी आम्हाला बाहेर काढलं. पुढं काही झालं नाही. दवाखाना चालूच आहे, बाकं भरलेलीच आहेत. पोर जिन्यात उजवीकडं धडकते.

तीट मी अजून लावते. मुद्दाम, ठसठशीत. आणि पोरीला घेऊन कुठल्याही डॉक्टरपुढं बसले की पहिलं वाक्य माझं असतं.

"आधी डोळा बघा."

बघितल्याशिवाय मी उठत नाही.