गोठलेल्या मातीला शेक

जानेवारीत ॲन आर्बरमधली शहाणी माणसं एक तर घरात बसतात, नाही तर फ्लोरिडाला जातात. मी मेटल डिटेक्टर घेऊन बाहेर पडते. नवरा म्हणतो, "निघाल्या बाईसाहेब बर्फात चरायला." म्हणेना का. आठवडाभर युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये मान मोडून काम करणाऱ्या बाईला रविवारी सकाळी दोन तास कुणीही हाक मारत नाही, हे सुख त्याला कळायचं नाही.

खरं तर हिवाळ्यात हा छंद म्हणजे शुद्ध वेडेपणा. जमिनीचा वरचा थर दगड होऊन बसतो. मशीन कुंई करून सांगतं की खाली धातू आहे, पण तो काढायला घाम फुटतो, तोही उणे दहामध्ये. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून दुसरी मी जॅकेटच्या आत पोटाशी धरून फिरते. आणि सापडतं काय, तर खिळे आणि सोड्याच्या कॅनच्या कड्या. तरी मला हिवाळाच आवडतो. डास नसतात, गवत नसतं, आणि "काय हरवलंय?" म्हणून चौकशी करणारं कुणी फिरकत नाही.

या छंदाचा कुणाला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो झाला गेल्या जानेवारीत.

आमच्यापासून चार घरं सोडून काका-काकू राहायचे. मूळचे पुण्याचे, दोघंही सत्तरी ओलांडलेले. मुलगा आणि सून पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला. आता म्हातारपणी त्यांच्याजवळ राहायचं म्हणून इथलं घर विकलं होतं. सोमवारी चाव्या द्यायच्या आणि त्याच दिवशी विमान. शनिवारी सकाळी मी पॅकिंगला मदत करायला गेले.

मी कपबशा कागदात गुंडाळत होते आणि काकू खोक्यांवर नावं लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मार्कर खाली ठेवला आणि खुर्चीत बसल्या.

"मला सुनेच्या घरात पाऊल टाकायला नको वाटतंय गं," त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. काकूंच्या आईचं बोटातलं एक सोन्याचं वळं होतं. झिजून तारेएवढं झालेलं, पण आईची तेवढीच एक वस्तू काकूंकडे उरलेली. दिवाळीला सून आठवडाभर येऊन गेली, आणि त्यानंतर काकूंनी डबी उघडली तर वळं नाही. त्यांनी फोनवर सुनेला विचारलं, "तुझ्या सामानात चुकून आलंय का, बघशील?" तिने पाहिलं, नाही म्हणाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं "जेवलात का" आणि "थंडी किती आहे" यापलीकडे गेलं नव्हतं. आणि परवापासून एकाच छपराखाली राहायचं होतं.

मला रागच आला. त्या सुनेला मी दोनदाच भेटले होते, पण दोन्ही वेळा तिनेच सगळ्यांची ताटं उचलली होती. काकूंवर चिडावं, तर त्यांचा चेहरा एवढासा झालेला. मी कपबशी बाजूला ठेवली.

"काकू, शेवटचं कधी पाहिलं होतं ते?"

"गणपतीत. दरवर्षी बाप्पाच्या सोंडेत घालते मी."

"आणि काढलं कुणी?"

काकू आठवायला लागल्या. विसर्जनाच्या दिवशी त्या तापाने पडून होत्या. आरती आणि विसर्जन काकांनी एकट्यानेच उरकलं होतं. दागिने डबीत ठेवलेत म्हणाले, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला आणि दिवाळी होईपर्यंत डबी उघडलीच नाही.

काका बाजूच्या खोलीत खोक्याला चिकटपट्टी लावत होते. तिथूनच म्हणाले, "हार काढला, मुकुट काढला. सोंडेत काय आहे ते मला कसं दिसणार? चष्मा बेडरूममध्ये होता माझा!"

शाडूची मूर्ती, बादलीत विरघळवलेली. ती माती काकांनी मागच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली ओतली होती. मी कोट चढवला आणि मशीन आणायला घरी गेले.

आमच्याकडे गणपती बसत नाही, आम्ही बौद्ध. काकूंचे उकडीचे मोदक मात्र दरवर्षी आमच्याकडे येतात आणि संध्याकाळ बघत नाहीत. मी मशीन घेऊन आले तेव्हा काकू दारात घुटमळत होत्या.

"तुला चालेल ना गं? विसर्जनाची माती आहे."

"काकू, माझ्या मशीनला सोनं आणि पत्रा एवढंच कळतं. तेही धड नाही."

हे शेवटचं मी हसत म्हटलं, पण ते खरं होतं. बारीक सोनं आणि कॅनची कडी यांचा आवाज जवळपास सारखाच येतो. खणल्याशिवाय कळत नाही. आणि वळं तिथे नसतं तर काकू तो संशय बरोबर घेऊनच रेडमंडला गेल्या असत्या.

काकांनी झाडाखालचा बर्फ सारला. मी हळूहळू मशीन फिरवलं. तीन ठिकाणी आवाज आला. पहिल्या जागी कॅनची कडी निघाली. दुसऱ्या जागी स्टीलचा चमचा.

"हा इथे होता होय!" काकू म्हणाल्या. "हा घेऊन गेली म्हणून मी त्या साफसफाईवाल्या बाईला..." पुढचं त्यांनी गिळलं.

तिसरा आवाज बारीक होता, अगदी बुंध्याजवळ. तिथली माती शाडूची, घट्ट, आणि गोठून फरशी झालेली. टोचा मारून फोडायची माझी हिंमत होईना. तारेएवढं वळं, एका फटक्यात तुटलं असतं. काका लगबगीने उकळतं पाणी घेऊन आले.

"काका, ओतू नका! पाच मिनिटांत त्याचाच बर्फ होईल."

तेव्हा काकूंनी आतून गुडघे शेकायची रबरी पिशवी आणली. गरम पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं, मातीवर ठेवली आणि वर जुनी गोधडी घातली. "माझे गुडघे नाही सुटले कधी याने," त्या म्हणाल्या, "जमीन तरी सुटते का बघू."

मग आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून चहा प्यायलो. कप खोक्यात गेले होते, म्हणून वाट्यांतून. बाहेर बर्फात ती गोधडी पांघरून पडलेली जमीन बघून काकांना हसू आवरेना. दर वीस मिनिटांनी काकू जाऊन पाणी बदलायच्या. इतक्या वर्षांच्या शेजारात आम्ही असे निवांत उभे राहिलो नव्हतो. मला फार बरं वाटत होतं.

चौथ्या पिशवीनंतर वरची माती लोण्यासारखी झाली. मी हातमोजे काढले आणि बोटांनी ती थोडी थोडी उकरायला लागले. बोटं बधिर झाली होती, त्यामुळे ते हाताला आधी लागलंच नाही. ढेकूळ फोडलं तेव्हा पिवळं काही तरी दिसलं.

काकूंनी ते माझ्या हातातून घेतलं, थेट स्वेटरनेच पुसलं आणि बोटात घातलं. मी म्हटलं, आता रडतील. पण त्या म्हणाल्या, "फोन लावा तिला."

काकांनी फोन लावून स्पीकरवर टाकला, कारण काकूंचे हात चिखलाने भरले होते. रेडमंडला तेव्हा सकाळच होती. सुनेने दुसऱ्या रिंगला उचलला.

"अगं, वळं मिळालं. विसर्जनाच्या मातीत गेलं होतं. यांनी काढलंच नव्हतं."

"ओह, थँक गॉड! आई, किती छान!"

इथे थांबता आलं असतं. काकांनी हाताने तशी खूणही केली. काकूंनी तिकडे पाहिलंच नाही.

"मला वाटलं होतं, तू नेलंस."

मी उगीचच मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

"माहीत आहे, आई," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी सूटकेस तीनदा अनपॅक केली. मग जॅकेट्सचे खिसे, शूज, सगळं. शेवटी मलाच डाउट यायला लागला की खरंच चुकून माझ्याकडे आलं असेल."

काकू मागच्या पायरीवर बसून स्वेटरच्या बाहीने नाक पुसायला लागल्या.

"आई? आहात ना? रडू नका हं. मंडेला एअरपोर्टवर मीच येतेय तुम्हाला घ्यायला. चालेल ना?"

काकू होकारार्थी मान हलवत राहिल्या. पलीकडून ती पुन्हा पुन्हा "चालेल ना?" विचारत होती, आणि फोनवर मान दिसत नाही हे काकूंच्या लक्षातच येत नव्हतं.