देवघरातली घंटी आणि बिननावाचं कुत्रं

मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. घंटी वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तो रशियातला जुना प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढते. कुत्रं, घंटी, ताटली. पोरं दरवर्षी एकच विचारतात, "मॅडम, परीक्षेला येतं का हे?" येतं म्हटलं की लिहून घेतात. आता अशा बाईच्या दारातलं कुत्रं कसं असावं? तर आमच्या अख्ख्या ताडकळस गावात त्याच्याइतकं बेशिस्त कुत्रं दुसरं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याला आमचं कुत्रं म्हणायचीही सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक पिल्लू दारातल्या चपलांवर येऊन झोपलं आणि सासूबाईंनी त्याला दुधात भाकरी कुस्करून घातली. सासऱ्यांनी तिथल्या तिथं हुकूम काढला. "खायला घाला, पर नाव ठिवायचं न्हाई. नाव ठिवलं की ते घरचं होतं. मग माया लागती, अन् मग लय तरास होतो." त्यामुळे आम्ही त्याला नुसतं "ते" म्हणायचो. ते आलं का? त्याला टाकलं का? नवी नवरी नवऱ्याचं नाव घेत नाही, तसला प्रकार.

त्याची एकच खोड. दारात कुणीही आलं की घर डोक्यावर घ्यायचं. मग पाहुण्यापुढे लाज नको म्हणून सासूबाई चुलीपासून धावत यायच्या आणि चतकोर भाकरी टाकायच्या. भाकरी तोंडात गेली की कुत्रं गप. पाहुणा आत.

"आत्याबाई," मी एकदा म्हणाले, "तुम्ही त्याला भुंकायचा पगार द्यायलात."

"मग काय पाव्हण्याला भुंकू द्यायचं?"

"अहो, भुंकलं की भाकरी मिळते, हे त्याला पक्कं कळलंय."

"त्याला कळतंय अन् मला कळत न्हाई व्हय?" असं म्हणून त्या आत गेल्या. खरं तर कुत्र्यानं त्यांनाच शिकवून तयार केलं होतं. ते भुंकलं की त्या भाकरी टाकायच्या, एकदाही चुकायच्या नाहीत. माझ्या वर्गात एवढं हुशार कुणी नाही.

पण हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. घेतलं ते श्रावणातल्या पहिल्या सोमवारी.

आम्ही लिंगायत. श्रावणात दर सोमवारी आमचे जंगम महाराज घंटी वाजवत घरोघर भिक्षेला येतात, आणि त्यांची पहिली भिक्षा आमच्या दारातली. सासऱ्यांच्या आज्यापासूनचा मान. त्या दिवशी पाय धुवायला घंगाळात पाणी भरून ठेवलं होतं. महाराज आले, घंटी वाजवली, आणि ते असं काही अंगावर गेलं की महाराज दोन पावलं मागं सरले आणि थेट घंगाळात बसले. वाईट म्हणजे सासूबाईंनी सवयीनं धावत येऊन भाकरी टाकली. महाराज पाण्यात, आणि भिक्षा कुत्र्याला!

महाराज रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उठून धोतर पिळलं, "राहू द्या आज," म्हणाले आणि शेजारच्या दारात गेले.

सासरे दिवसभर ओट्यावर बसून होते. संध्याकाळी म्हणाले, "आज्यापासून आपल्या दारातून महाराज रिकाम्या झोळीनं गेले न्हाईत. पुढल्या सोमवारी ते भुंकलं, तर त्याच दिवशी देवगाव फाट्याला नेऊन सोडतो." देवगाव फाटा म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. तिथून परत यायला माणसाला दोन गाड्या बदलाव्या लागतात.

माझं डोकं सणकलं. कारण सांगते. सकाळी मी कॉलेजला निघाले की ते माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत यायचं, गाडी सुटेपर्यंत थांबायचं, मग परत जायचं. या घरात "जपून जा" म्हटल्यासारखं करणारं तेवढं एकच होतं. आमचे हे तर मोबाईलमधून मानसुद्धा वर काढत नाहीत.

"मामा, मला आठ दिवस द्या," मी म्हणाले. "मी शिकवते त्याला."

"तू?"

"माझा पेशाच आहे तो."

"तुझ्या पेशाचा निकाल बघितलाय मी पेपरात," सासरे म्हणाले. पण आठ दिवस दिले.

शास्त्र सोपं आहे. कुत्र्याला "असं करू नको" हे कळत नाही, "असं केलं की मिळतं" हे कळतं. तेव्हा घंटी वाजली की गप बसायचं, आणि बसलं की लगेच खोबऱ्याचा तुकडा. लगेच म्हणजे लगेच, उशीर झाला की ते भलतंच शिकतं. बाजारात पोळ्याची दुकानं लागली होती, तिथून बैलाच्या गळ्यातली एक घंटी आणली. दुसऱ्याच दिवशी घंटी वाजली की ते येऊन मांडी घातल्यासारखं बसायला लागलं. मी हवेत!

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या शेतकऱ्यानं हाक मारली. "वहिनी, तुमचं कुत्रं माझ्या बैलांम्होरं बसून काय मागायलंय? गाडी हलू देईना." बघते तर खरंच. बैलांच्या घंट्या वाजायलेल्या आणि हे रस्त्याच्या मधोमध, बैलाच्या तोंडाकडे बघत, खोबऱ्याची वाट पाहत. बैलही बिचारे थांबलेले.

म्हणजे आवाज बदलायला हवा होता. महाराजांच्या घंटीसारखा बारीक, गोड आवाज घरात एकाच घंटीचा होता, देवघरातल्या. विचारून पाहिलं.

"देवाची घंटी कुत्र्याला?" सासरे ओरडले. "दिमाग ठिकाणावर हाय का?"

झालं. पण मीही काही कमी नाही. सासरे सकाळ-संध्याकाळ पूजा करतात, देवाकडे तोंड, आमच्याकडे पाठ. घंटी तेच वाजवणार होते, मला फक्त मागच्या उंबऱ्यात पदरात खोबरं घेऊन बसायचं होतं. घंटी वाजली की एक तुकडा. सासऱ्यांना पत्ताच नाही की पूजेबरोबर ते शिकवणीही घ्यायलेत.

शुक्रवारी त्यांनी मागं वळून पाहिलं. खोबरं पोटात गेलं होतं. कुत्रं उंबऱ्याबाहेर ताठ बसलेलं, नजर घंटीवर, हूं की चूं नाही.

"अगं, इकडं ये," त्यांनी सासूबाईंना बोलावलं. "बघ कसं ध्यान लागलंय. डोळ्याला पाणी हाय त्याच्या."

पाणी तोंडाला होतं. पण मी कशाला बोलू?

"मागल्या जन्मीचा कुणी मोठा भक्त असंल," सासरे म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांचा हात घंटीवरून निघेना. आधी दोन मिनिटं वाजायची, ती पंधरा मिनिटं वाजायला लागली. माझं खोबरं संपत आलं. मग मी दर वेळी न देता कधीमधी द्यायला लागले. त्यानं उलट जास्त घट्ट होतं, हेही शास्त्रच. मिळेल की नाही याची खात्री नसली की जीव तिथंच अडकतो, माणसं लॉटरीची तिकिटं काढत बसतात तसं. रविवारी शेजारच्या दोघी-तिघी भक्त कुत्रं बघायला आल्या. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला विभूती लावली.

सोमवार उजाडला. सासऱ्यांचा उपवास, माझ्या पदरात खोबरं. महाराज आले. या वेळी घंगाळापासून चार हात लांब उभे राहिले. घंटी वाजली.

ते धावत आलं, महाराजांसमोर बसलं आणि मान वर करून गप. एकदम गप! महाराजांनी कपाळावरची विभूती पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला. पाय धुतले, भिक्षा घेतली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदाच. त्या आनंदात मी खोबरं द्यायचं विसरले. ते महाराजांनीच झोळीतून काढून दिलं.

महाराज शेजारच्या दारात गेले. घंटी वाजली. ते उठलं आणि मागोमाग गेलं. तिथं बसलं, तिथंही खोबरं. तिसऱ्या दारात गूळ. अख्खी गल्ली भक्त कुत्र्याला प्रसाद देत सुटली. शेवटी महाराज एका शिष्याच्या मोटारसायकलवर बसून पुढच्या गावाला निघाले. झोळीतली घंटी खड्ड्याखड्ड्यावर वाजत होती आणि हे मागं पळत होतं. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत धावले, ओरडले. ओरडले म्हणजे काय, "ए! ए!" एवढंच. त्याला नावच कुठं होतं?

चूक माझीच. मी त्याला घंटी शिकवली, घर शिकवलंच नाही.

"गेलं?" सासरे म्हणाले. "बरं झालं. सुटलो."

दुपारी परत म्हणाले, "बरं झालं, सुटलो." चार वाजता कुणी विचारलं नसताना तिसऱ्यांदा म्हणाले. मी खोलीत जाऊन रडून घेतलं. संध्याकाळी उपवास सोडायला ताट वाढलं, तर दिवसभराचा उपाशी माणूस म्हणतो, "भूक न्हाई." मग उठून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. मी ओट्यावरून बघत होते. त्यांनी तोंडाशी हात नेला, हाक मारायला छाती भरून घेतली, आणि तसेच उभे राहिले. काय म्हणून मारणार? शेवटी म्हणाले, "ए... ते!"

"कुणाला बोलवायलात, अण्णा?" समोरच्या बाईनं विचारलं.

सासरे परत आले, देवघरात गेले आणि घंटी घेऊन बाहेर पडले. माझ्या लग्नापासून ती घंटी देवघराच्या बाहेर गेलेली मी पाहिली नव्हती. कोपऱ्यावर उभं राहून ते वाजवत सुटले. दोन घरांतल्या बाया पिठाची ताटं घेऊन लगबगीनं बाहेर आल्या, "महाराज परत आले का काय?"

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाजवतच राहिले. हात दुखला तसा दुसऱ्या हातात घेतली.

बऱ्याच वेळानं सोयाबीनच्या बांधावर काहीतरी हललं. पोटापर्यंत चिखल, जीभ बाहेर, कपाळाची विभूती पुसलेली. ते आलं आणि सासऱ्यांसमोर बसलं. गप.

सासऱ्यांचा हात रिकामा होता.

"मामा, खोबरं!" मी ओट्यावरून ओरडले. "लगेच द्या, उशीर नको!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कुत्र्याकडे. मग घंटीकडे. सगळा आठवडा त्यांच्या तोंडावरून सरकताना मला दिसला.

"म्हंजी... खोबरं व्हय?"

"हो मामा."

आता माझी धडगत नाही, असं मी धरूनच चालले होते. ते तरातरा घरात गेले आणि आपलं वाढलेलं ताट घेऊन आले. पहिला घास त्याला घातला. फार उशीर झाला होता, शास्त्राप्रमाणे साफ चुकलं. कुत्र्याला चाललं.

दुसरा घास हातात धरून सासरे म्हणाले, "सूनबाई, ह्याचं नाव ठिव काहीतरी. न्हाईतर रोज गल्लीत घंटी वाजवावी लागंल, अन् बाया मलाच भिक्षा घालतील."