दगडाखालची तार

वाटूर फाट्यावर एक पत्र्याची केबिन आहे. तिची चावी मुझफ्फर सहा वर्षं गळ्यात घालून हिंडला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती काढायचा नाही, म्हणून त्याची बायको गजाला त्याला चिडवायची. पण आसपासच्या पेट्रोल पंपांवर, मेडिकलमध्ये, खताच्या दुकानांत एका कार्ड कंपनीचं कार्ड घासलं, की लोकांची सगळी माहिती या केबिनमधून फायबरच्या तारेनं जालन्याला जायची. तिथं कुणीही सहज शिरावं, हे मुझफ्फरला खपायचं नाही. आत येईल त्याची वहीत सही. तारा टाकणारे ठेकेदार रामप्रसादशेठ त्याचे मालक, त्यांच्या भाच्याचीही त्यानं घेतली. भाचा रुसला तो रुसलाच.

तारा दोन होत्या. एक मोठ्या रस्त्यानं थेट, दुसरी आष्टी-अंबडचा वळसा घालून. एक तुटली तर दुसरीवर काम चालावं, म्हणून कार्ड कंपनीनं मुद्दाम दोन वेगळे रस्ते मागितले होते. दर महिन्याला मुझफ्फर मोटारसायकलवर दोन्ही रस्ते फिरायचा, कडेचे खुणेचे दगड मोजायचा, छोट्या मीटरवर दोन्ही तारांत उजेड आहे ना ते बघायचा आणि अहवालावर सही ठोकायचा. तारेची लांबी सांगणारं महागडं मशीन शेठच्या कपाटात असायचं. मागितलं की शेठ म्हणायचे, "उजेड येऊन राह्यला ना? मंग झालं."

आष्टी रस्त्यावरचा एक दगड गोपिकाबाईच्या शेतात होता. मेंढरं राखून म्हातारी झालेली बाई, तोंडानं फटकळ. "मावशी, इथं नांगर लावू नका, खाली तार हाय," एवढंच मुझफ्फर तिला एकदा बोलला होता. तेवढ्यावर तिनं ती पट्टी पडीक ठेवली. मुलानं, संपतनं, विहिरीची पाइपलाइन तिथून न्यायची म्हटली, तर तिनं त्याला बांधावरून लांबचा वळसा घ्यायला लावला. पाडव्याला मेंढरं ओवाळताना दगडालाही हळदीचं बोट लावायची.

मागच्या महिन्यात मोठ्या रस्त्यावर जेसीबीनं तार तोडली. मुझफ्फर घाबरला नाही. दुसरी होती ना! केबिनमध्ये येऊन बघतो तर दुसरीही ठार बंद. बाहेर मेडिकलपुढं माणसं कार्ड हातात धरून उभी, औषध समोर आणि मशीन नुसतं फिरतंय.

तो धावत जेसीबीच्या खड्ड्यात उतरला. तिथं दोन तारा तुटून पडल्या होत्या. दोन! एकाच चरात, एकमेकींना चिकटून. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. तसाच आष्टी रस्त्याला गेला आणि कुदळीनं गोपिकाबाईच्या शेतातला दगड उकरू लागला. एक हात, दोन हात, अडीच हात. काळी माती, खाली मुरूम. तारेचा पत्ता नाही. वळशाच्या रस्त्यावर शेठनं नुसते दगड रोवले होते, आणि मुझफ्फर सहा वर्षं ते इमानानं मोजत होता. त्याला शेठपेक्षा स्वतःचीच चीड आली. त्यानं मोबाइलवर खड्ड्याचे फोटो काढले.

संध्याकाळपर्यंत त्यानं दोन्ही तारांना जोड मारले. शेठनं दुसऱ्या दिवशी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'शेतकरी गोपिकाबाई यांच्या पाइपलाइनच्या खोदकामात दुसरी तार तुटली.' पोलिसांत द्यायचा अर्जही तयार.

"सही कर. नोकरी बराबर राहील तुझी."

"शेठ, तिनं पाइप माझ्या सांगण्यावरून फिरवून नेलाय."

"तुला कोण विचारून राह्यलं? म्हातारीला काय, दोन दिवस ठाण्यात बसंल."

मुझफ्फरचा आवाज चढला. "तुमच्या दगडाला हळद लावती ती! तुमच्या दगडाला, शेठ! खाली काय पुरलंय तुम्ही? काही न्हाई!"

त्यानं तो कागद टराटरा फाडला. तिथंच, शेठच्या टेबलावर, कोरा कागद घेऊन लिहिलं, 'दुसरा रस्ता नाही. कधीच नव्हता. आजवरच्या बाहत्तर अहवालांवर सही माझी आहे. मी दगड मोजले, तार मोजली नाही.' खाली सही केली, मोबाइलवर कागदाचा फोटो काढला आणि खड्ड्याच्या फोटोंसकट कार्ड कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला धाडून दिलं.

शेठनं हात पुढं केला. "चावी दे."

मुझफ्फरनं गळ्यातून चावी काढली, पण आधी पिशवीतून केबिनची वही काढून समोर उघडून ठेवली. "घेणाऱ्याची सही."

शेठनं शिव्या घालत सही केली.

तिथून तो सरळ गोपिकाबाईच्या शेतात गेला. अर्जाचं, नोकरीचं, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि त्या उघड्या खड्ड्यात वाकून बघितलं.

"काहीच नव्हतं व्हय रे?"

"न्हाई, मावशी."

"मी सहा वर्षं इथं एक दाणा टाकला न्हाई, मुझफ्फर. तू म्हणला म्हणून."

त्यानं बांधावरचं फावडं उचललं आणि खड्डा बुजवायला घेतला.