टाक्यांवरची मागाची गाठ

पट्टी सोडली आणि माझा हात थांबला. सुकलालच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत बारा टाके होते, पण ते कुठल्या डॉक्टरने घातलेले नव्हते.

मी सुरतच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जरी वॉर्डची नर्स. टाके घालायला आम्ही काळा नायलॉन वापरतो. गाठीची टोकं थोडी लांब ठेवतो, काढताना चिमट्यात धरता यावीत म्हणून. इथे धागा पांढरा, चमकदार होता. गाठ चपटी, टोकं अगदी मुळाशी कापलेली. माझे वडील धुळ्याहून येऊन सुरतच्याच गोडादऱ्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले होते. मागावर धागा तुटला की कारागीर तो याच गाठीने जोडतात.

महिन्याभरातला असा हा तिसरा पेशंट. आधीच्या दोघांच्या जखमा लहान होत्या. "बाहेर घातलेले टाके" असं लिहून मी ते काढले आणि विषय सोडून दिला.

सुकलालचा हात मात्र काळानिळा पडला होता. दाबलं की कातडीखाली बुडबुडे फुटल्यासारखं लागायचं, म्हणजे जखम आतून सडत होती. मळकी जखम आधी धुवायची असते, कधी कधी उघडीच ठेवायची असते. ही मशीनच्या तेलासकट शिवून टाकली होती.

मी अहिराणीत विचारलं, "भाऊ, टाका कोनी मारात?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याची बायको कल्पना घाईने म्हणाली, "गाडीवरथीन पडनात, ताई."

"गाडीवरून पडलेल्याला कारखान्यातला धागा कसा लागला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तरनी मारात. तो म्हने, दवाखानामा गया ते पोलीस येतीन, कारखाना बंद पडी. लिखू नका ना, ताई. यासनी नोकरी जाई."

मास्तर म्हणजे लूम दुरुस्त करणारा, कारागिरांवरचा माणूस.

मी सर्जनना बोलावलं. त्यांनी हात पाहिला आणि मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, आधी का नाही कळलं?"

"सर, तो आजच आलाय."

"त्याचं नाही विचारत. असे टाके आधी कुणाला दिसले होते का?"

"मला दिसले होते, सर. दोनदा."

ते केसपेपरकडे वळले. "एमएलसी करा," एवढंच म्हणाले. म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद.

त्याच दुपारी सुकलालचा हात कोपराच्या वर कापावा लागला. वय एकतीस. शुद्धीवर आल्यावर त्याने डाव्या हाताने चादर चाचपली आणि मला विचारलं, "आते लूम कशी चालाडू?" मी सलाईनचा वेग बघत राहिले.

पोलीस आले. कल्पनाने जबाब दिला, सुरतबाहेर कामरेजजवळ गाडीवरून पडले. सुकलालनेही तेच सांगितलं. कल्पनाने मला सांगितलेल्या कारखान्यात पोलिसांनी विचारलं, तर तिथे म्हणे सुकलाल नावाचा कुणी कामाला नव्हताच. डिस्चार्जच्या दिवशी कल्पना माझ्याशी बोलली नाही. दोघं जळगावकडच्या गावी परत गेले, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून कळलं.

त्यानंतर तसे टाके आमच्या वॉर्डात आले नाहीत. कारखान्यात कुणाला लागायचं थांबलं, असं मी समजत नाही. पोलिसांना कळवणाऱ्या दवाखान्यात जाऊ नका, एवढंच तिथे शिकवलं गेलं असणार.

नव्या सिस्टरांना मी आता एकच सांगते. टाका वेगळा दिसला तर पहिल्याच पेशंटला खाली बसवून विचारा. तिसरा आल्यावर विचारून उपयोग नसतो.