रुमालाखालची सोलर काच

मकरपुऱ्यातल्या प्रदर्शनात एक गुजराती टायवाला पेरोव्हस्काइट नावाच्या नव्या पदार्थाची सोलर काच विकत उभा होता. टाय घट्ट, तोंड सैल. काचेवर मात्र कायम रुमाल. गिऱ्हाईक आलं की रुमाल उचलायचा, मीटरवरचा विजेचा आकडा दाखवायचा आणि लगेच झाकायचा, जसा काही सोवळ्यातला नैवेद्यच!

मी आमच्या सोसायटीच्या गच्चीसाठी चौकशीला गेलो होतो. म्हटलं, "राहू द्या की उघडी."

"नको काका! हिच्यात इलेक्ट्रॉनबरोबर आयनही पळतात. उजेडात ते सरकून एका बाजूला गोळा होतात, आकडा उतरतो. अंधारात ठेवली की पाछा, परत जागेवर येतात."

"मग गच्चीवर काय करायचं?"

त्यानं शांतपणे रुमालाची टोकं सारखी केली.

"काका, तुमच्या गच्चीवर सावली तर असेल ने?"