डावा हात खिशात

बँडमध्ये वाजवण्यापेक्षा वाट बघण्यात जास्त आयुष्य जातं. साउंडवाला यायचा असतो, जनरेटर सुरू व्हायचा असतो, नवरी तयार व्हायची असते. किस्से साठतात ते या वेळात. आमच्या तिघांच्या जॅझ फ्यूजन बँडचे माझ्याकडे पोतंभर आहेत. मी गणिताचा निवृत्त प्राध्यापक, कीबोर्ड वाजवतो. ड्रमवर वाघोलीचा बाळू. आणि बेस गिटारवर विश्रांतवाडीचा मिलिंद. किस्से मिलिंदचेच आहेत. सांगण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. हल्ली मला स्वतःची फारशी खात्री वाटत नाही.

*

मिलिंद भीमगीतांच्या पार्टीत बेस शिकला. जयंतीच्या पहिल्या कार्यक्रमाला त्याचे वडील पुढच्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "तू वाजवत होतास, का नुसता उभा होतास? मला तर तुझं काही ऐकूच आलं नाही."

"बाबा, बेस असा वेगळा ऐकू येत नाही. मी थांबलो असतो तर कळलं असतं."

"मग थांबायचंस की एकदा!"

*

आमच्या पहिल्याच तालमीत माझा डावा हात सवयीने खालच्या पट्ट्यांवर गेला. मिलिंद वाजवायचा थांबला.

"सर, खालचे सूर माझे. डावा हात खिशात ठेवा."

मला वाटलं, खरंच ठेवायचा असतो. ठेवला! अख्खं गाणं एका हाताने वाजवलं.

बाळू म्हणाला, "सर एस्टीची वाट बघत्यात जनू!"

*

हिंजवडीतल्या एका कंपनीचा वार्षिक समारंभ होता. दुसऱ्या गाण्याला एक मुलगी स्टेजजवळ आली. "सर, ते जाड आवाजाचं गिटार प्लीज लो कराल? डिनरची अनाउन्समेंट ऐकू जात नाहीये."

मिलिंदने बटण पार शून्यावर नेलं आणि वाजवत राहिला. मग त्याचा सोलो आला. सोलोत आम्ही दोघं थांबतो. त्याचे हात गुंतलेले असतात, म्हणून 'आता या' ही खूण तो उजवी भुवई उचलून देतो. त्या दिवशी बोटं तारांवर धावत होती आणि ऐकू येत होते फक्त लोकांचे चमचे. भुवई उठली, आम्ही आत आलो.

मुलीने लांबून अंगठा दाखवला. "नाऊ परफेक्ट!"

*

दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलात वाजवताना मला दिसलं, मिलिंदची डावी करंगळी तारेवर उशिरा पोचतेय. केसभरच. घरी येऊन मी बोटं अशी का मागे पडतात ते वाचत बसलो, नको तेवढं वाचलं. त्याला मात्र बोललो नाही. नसेलही तसं काही, आपण कोण सांगणारे, असं म्हणत चार महिने काढले.

पण त्याचा सूर जिथे गळायचा, तिथे माझा डावा हात तो हळूच भरून काढायला लागला. तो चिडेल म्हणून मी वाट बघत होतो. तो चिडला नाही. तेव्हा मी फार घाबरलो.

असाच एक कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ त्याला म्हणाले, "आज बेस काय सुंदर वाजला हो!"

"हो ना? मीही ऐकत होतो," मिलिंद म्हणाला.

*

मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे मीही बरोबर गेलो. एकेक स्नायू थांबत जाणार, आधी हात, मग बोलणं, आणि इलाज नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "पहिल्यांदा कधी जाणवलं?"

मिलिंदने माझ्याकडे बोट केलं. "सरांना विचारा. त्यांना माझ्याआधी कळलं."

लिफ्टमध्ये मी माफी मागायला लागलो. आधी सांगून काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. मला अजून ते पटलेलं नाही.

"तुम्ही बोलला नाहीत, सर," मिलिंद म्हणाला, "पण तुमचा डावा हात केवढ्यांदा बोलत होता!"

*

मागच्या महिन्यात मिलिंदच्या बायकोचा, सुनीताचा, फोन आला. "सर, सामान घेऊन घरी या. ऐकायचंय म्हणतायत."

आता 'म्हणतायत' म्हणजे तिने अक्षरांच्या तक्त्यावर बोट फिरवायचं आणि हवं ते अक्षर आलं की मिलिंदने डोळे मिटायचे. पलंगाशेजारी त्याचा बेस भिंतीला टेकवलेला होता. आम्ही आमचं जुनं गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या असतील, त्याची नजर तक्त्याकडे गेली. सुनीता बोट फिरवू लागली.

"डा... वा..."

ती पुढे जायच्या आत मी हात खिशात घातला.

गाणं खालून रिकामं, तसंच पुढे गेलं. मग त्याच्या सोलोची जागा आली. आम्ही दोघं थांबलो. पंखा फिरत होता. खाली आळंदी रस्त्यावर हॉर्न वाजत होते. मी मात्रा मोजत होतो. बत्तीस झाल्या, चौसष्ट झाल्या, मग मोजणं सोडलं. सुनीता एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा आमच्याकडे.

बाळू काठ्या तशाच उचलून धरून पुटपुटला, "आज लांबवतंय गडी!"

मग भुवई उठली.